वाचकांचे प्रश्न : शहानिशा करण्याचे काम तुमचे नव्हे

या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे लहान मुलांवरील अत्याचाराविषयी आहेत. पत्रलेखकांची आणि मुलांची ओळख पटू नये म्हणून तपशिलांत फेरफार केला आहे, प्रश्न मात्र त्यांचेच आहेत. ठाण्याच्या न्यायालयात अशा खटल्यांत मुलांच्या बाजूने उभी राहताना जी गोष्ट मला वारंवार खटकते, तीच या पत्रांमध्येही दिसली. कायद्याने जे काम पोलिसांवर आणि बाल कल्याण समितीवर सोपवले आहे, ते शहानिशेचे काम आपली माणसे आधी स्वतः उरकू पाहतात, आणि त्या खटाटोपात दिवस जातात, कधी पुरावाही जातो.

*

प्रश्न : मी ऐरोलीतील एका खासगी शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. मधल्या सुट्टीत वर्गातील एक मुलगी डबा न उघडताच बसून होती. जवळ जाऊन विचारल्यावर तिने सांगितले की, व्हॅनमध्ये मुलांना चढवण्या-उतरवण्यासाठी असणारे काका तिला सगळ्यांत शेवटी उतरवतात आणि त्याआधी ‘घाण करतात’. मी मुख्याध्यापिकांना सांगितले. त्यांनी तिला कार्यालयात बोलावून दोनदा विचारले आणि दुसऱ्यांदा ती काही बोललीच नाही. आता त्या म्हणतात की, आधी संस्थेला लेखी कळवू, अंतर्गत चौकशी होऊ दे, शिवाय व्हॅन शाळेची नाही, ठेकेदाराची आहे. मी परस्पर पोलिसांत गेले आणि प्रकार खोटा निघाला, तर नोकरी जाईलच, पण माझ्यावर खटलाही होईल का?

उत्तर : हे पत्र वाचले त्या क्षणी ही माहिती मलाही झाली आणि तुम्हाला लागू असलेला कायदा मलाही लागू झाला. त्यामुळे अंकाची वाट न पाहता मी त्याच दिवशी तुमच्याशी बोलले आणि पुढचे तुम्ही जाणताच. तरीही उत्तर छापत आहे, कारण तुमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या ते दर दुसऱ्या शाळेत म्हटले जाते.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या 2012 च्या कायद्याचे, म्हणजे पॉक्सोचे, कलम 19 सांगते की, असा अपराध घडल्याची माहिती ज्या कोणाला आहे किंवा तो घडण्याची ज्याला धास्ती वाटते, त्याने स्थानिक पोलिसांना अथवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलेच पाहिजे. ‘आधी संस्थेला, मग पोलिसांना’ अशी पायरी या कलमात नाही. न कळवणाऱ्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ज्याच्या ताब्यात संस्था आहे त्याने हाताखालच्या माणसाचा अपराध दडवला, तर शिक्षा एक वर्षापर्यंत आणि वर दंड. व्हॅन ठेकेदाराची असल्याने शाळा मोकळी होते असे मुख्याध्यापिकांना वाटत असेल, तर त्यांनी एकदा वकिलाला विचारावे. माहिती त्यांना झाली आहे, म्हणजे कळवण्याचे बंधन त्यांच्यावर आलेच आहे, मग गाडी कोणाच्याही नावावर असो.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात काय झाले ते आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. शिशुवर्गातील दोन मुलींच्या पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठीच ताटकळावे लागले, 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. लोकांच्या लक्षात राहिला तो रेल रोको. शाळाचालकांनी लक्षात ठेवावे असे मात्र दुसरेच आहे. तेथे अत्याचार करणाऱ्यावर गुन्हा दाखल झालाच, पण वेळेत कळवले नाही म्हणून संस्थेच्या विश्वस्तांवरही पॉक्सोखाली गुन्हा दाखल झाला. त्याआधी, 2022 मध्ये, चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले होते की, माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे. त्या प्रकरणात एका डॉक्टरवरील आरोपपत्र उच्च न्यायालयाने रद्द केले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभे केले.

तुमच्या भीतीविषयी. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कोणतीही कारवाई होऊ शकत नाही, असे कलम 19 मध्येच लिहिले आहे. शिक्षा आहे ती हेतुपुरस्सर, बदनामी करण्यासाठी किंवा धमकावण्यासाठी खोटी माहिती देणाऱ्याला, आणि तेथेही मुलाला शिक्षा नाही. मुलीने तुम्हाला सांगितले आणि तुम्ही तिचे शब्द जसेच्या तसे पोलिसांना सांगितले, एवढ्यावर तुमची जबाबदारी पूर्ण होते. ते खरे की खोटे हे ठरवण्याची जबाबदारी कायद्याने तुमच्यावर टाकलेली नाही. नोकरीचे म्हणाल तर संस्था त्रास देणारच नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. पण मुलीचे म्हणणे ऐकल्याची तारीख, वेळ आणि मुख्याध्यापिकांना कळवल्याचे लेखी टिपण तुमच्याजवळ असेल, तर संस्थेला ते जड जाईल.

आता तिला पुन्हा विचारू नका आणि इतरांनाही विचारू देऊ नका. ती दुसऱ्यांदा गप्प बसली याचा अर्थ पहिल्यांदा खोटे बोलली असा मुळीच नाही. कार्यालयातील मोठ्या टेबलापलीकडून तीन मोठी माणसे एकच प्रश्न पुन्हा विचारतात, तेव्हा आठ वर्षांच्या मुलीला वाटते की पहिले उत्तर चुकले असावे. वर्गात तिने आपल्यालाही असेच उत्तर बदलून दाखवलेले असते, नाही का?

*

प्रश्न : आम्ही कोपरखैरण्यात सासऱ्यांच्या नावावरील घरात एकत्र राहतो. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. गणपतीनंतर तो हॉलमध्ये काकांशेजारी झोपायला नको म्हणू लागला आणि खोदून विचारल्यावर दिराने त्याच्याशी काय केले ते त्याने सांगितले. पुरावा असावा म्हणून मी त्याला समोर बसवून मोबाइलवर सगळे विचारले आणि ते चित्रण जपून ठेवले आहे. सासूबाई म्हणतात, ‘मुलगा आहे, मुलगी थोडीच आहे, काय बिघडले?’ यजमान काहीच बोलत नाहीत. तक्रार केली तर माझ्या मुलाचे पोलीस ठाण्यात, दवाखान्यात आणि कोर्टात काय होईल? त्याला रिमांड होममध्ये टाकतील का? आणि आम्हा मायलेकरांना घराबाहेर काढले तर?

उत्तर : ताई, तुमच्या पत्राचे उत्तर लांबणार आहे. तुम्ही विचारलेल्या एकेका दाराबाहेर मी मुलांबरोबर बसले आहे, त्यामुळे थोडक्यात आटोपणे मला जमणार नाही.

सासूबाईंच्या वाक्यापासून सुरुवात करते. पॉक्सोमध्ये बालक म्हणजे अठरा वर्षांखालील कोणीही. मुलगा आणि मुलगी असा भेद कायदा करत नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये तेरा राज्यांत केलेल्या पाहणीत, कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगणाऱ्या मुलांचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते आणि त्यांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा कमी नव्हती. उलट, नात्यातील माणसाने केलेला आणि बारा वर्षांखालील मुलावर झालेला अत्याचार हा कायद्याच्या भाषेत ‘गंभीर स्वरूपाचा’ ठरतो, म्हणजे शिक्षा अधिक कडक होते.

आता त्या चित्रणाबद्दल. ते पुसून टाकू नका, कोणालाही पाठवू नका, पोलिसांना ते आहे असे सांगा आणि नवीन मुळीच करू नका. एका खटल्यात मी असे चित्रण न्यायालयात लावलेले पाहिले आहे. पडद्यावर मुलगी पलंगाच्या कडेला बसलेली, पाय अधांतरी, हातात उशीचा कोपरा. मागून आईचा आवाज येतो, ‘मग त्याने इथे हात लावला ना? असाच लावला ना?’ मुलगी मान हलवते. आई पुन्हा म्हणते, ‘तोंडाने बोल.’ मुलगी म्हणते, ‘हो.’ एवढेच. आरोपीच्या वकिलांनी उलटतपासणीत बाकी काही विचारलेच नाही. शब्द आईचे आहेत, मुलीने फक्त होकार दिला आहे, हा एकच मुद्दा त्यांनी दुपारभर लावून धरला. त्या आईने जे केले ते मायेपोटी केले, तुम्हीही तसेच केले असेल. पण ज्या प्रश्नाच्या पोटातच उत्तर असते, त्याने मुलाची साक्ष दुबळी होते. यापुढे तो आपणहून काही बोलला, तर फक्त ऐका, ‘बरे झाले सांगितलेस’ म्हणा, आणि त्याचेच शब्द, तो ज्या शब्दांत बोलला त्याच शब्दांत, वहीत तारखेसह लिहा.

पोलीस ठाण्यात त्याला न्यावेच लागेल असे नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या वाटणाऱ्या जागी घ्यायचा आहे, आणि तुमच्या बाबतीत ती जागा आजोळही असू शकते. शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाच्या उपस्थितीत तो घ्यायचा आहे. कोणत्याही कारणाने मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही आणि आरोपी त्याच्या समोर येऊ नये ही जबाबदारी पोलिसांची आहे. जबाब लिहून झाल्यावर तो वाचून दाखवायला सांगा. ‘त्याने लैंगिक अत्याचार केला’ असे नऊ वर्षांचे मूल बोलत नाही. तो शब्द कागदावर दिसला तर मुलाचे मूळ शब्द लिहायला लावा. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. हक्कांची माहिती देणारा ‘नमुना अ’ नावाचा कागदही पोलिसांनी तुम्हाला द्यायचा असतो. तो पुष्कळदा दिला जात नाही, म्हणून नाव घेऊन मागा.

दवाखान्यात तपासणी मुख्यतः उपचारासाठी असते, हे मुलाला आधीच समजावून सांगा. कोणत्याही डॉक्टरने आधी पोलिसांचे पत्र आणा किंवा कागदपत्रे आणा अशी अट घालून उपचार थांबवता कामा नये, आणि खासगी रुग्णालयालाही अशा मुलावर प्राथमिक उपचार विनामूल्य करावे लागतात. तपासणीच्या वेळी तुम्ही त्याच्याजवळ थांबू शकता. घटनेला बरेच दिवस झाले असल्याने शरीरावर खुणा सापडणार नाहीत आणि अहवाल ‘काही आढळले नाही’ असा येईल, तर खचून जाऊ नका. अशा अहवालाने खटला कोसळत नाही. मुलाची विश्वासार्ह साक्ष स्वतःच पुरावा असते.

रिमांड होमची भीती मला प्रत्येक आई बोलून दाखवते. आरोपी त्याच घरात राहत असल्याची शंका असेल, तर पोलिसांना मुलाला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते हे खरे आहे. मात्र ही समिती म्हणजे न्यायालयाचा पिंजरा नव्हे. अध्यक्ष आणि चार सदस्य टेबलाभोवती बसलेले असतात. मूल घरी सुरक्षित आहे का, एवढे ते तीन दिवसांत ठरवतात आणि ठरवताना मुलाची इच्छाही विचारात घेतात. संस्थेत ठेवणे हा कायद्यानुसार अगदी शेवटचा पर्याय आहे. आई पाठीशी उभी आहे आणि राहायला माहेर किंवा दुसरी सुरक्षित जागा आहे, हे तुम्ही सांगितले तर मूल आईकडेच राहते. याच समितीकडे ‘सपोर्ट पर्सन’ मागा. पोलिसांपासून निकालापर्यंत मुलासोबत राहणारी, तारखा कळवणारी, काय चालले आहे ते समजावणारी ही व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर भर दिला आहे. तातडीच्या खर्चासाठी, म्हणजे प्रवास, कपडे, जेवण यांसाठी, समितीला विशेष मदतीची शिफारसही करता येते.

घर सोडायचे कोणी? माझ्या मते ज्याने केले त्याने. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकारी पुरुष नातेवाइकाला सामायिक घरातून बाहेर जाण्याचा आदेश देऊ शकतात, आणि तुम्हाला त्या घरातून बाहेर काढण्यास मनाई करू शकतात. घर सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्याने तुमचा राहण्याचा हक्क बुडत नाही. यासाठी वकिलाला पैसे मोजावे लागतील असेही नाही. महिला आणि मुले यांना, उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य वकील मिळतो. ठाण्यातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज करायचा किंवा 15100 या क्रमांकावर बोलायचे. अत्याचारग्रस्त महिला व मुलांसाठी राज्य सरकारची मनोधैर्य योजना आहे, तिच्या अर्थसाहाय्याचा अर्जही याच प्राधिकरणाकडे असतो. तो एफआयआर झाल्यावर लगेच करा, निकालापर्यंत थांबू नका.

कोर्टाबद्दल शेवटी लिहिते, कारण ते शेवटीच येते. सुनावणी बंद दाराआड होते. मुलाला आरोपी दिसू नये म्हणून पडदा किंवा व्हिडिओची सोय करावी लागते. वकिलांनी थेट मुलावर प्रश्नांचा भडिमार करायचा नसतो. प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी ते विचारायचे, असा नियम आहे. मूल थकले तर मध्ये सुट्टी मागता येते. गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्य तो एका वर्षात खटला पूर्ण व्हावा असे कलम 35 म्हणते. व्यवहारात तारखांवर तारखा पडतात, हे तुमच्यापासून लपवणार नाही. म्हणूनच सरकारी वकिलांशिवाय तुमचा स्वतःचा वकीलही उभा करण्याचा जो हक्क कलम 40 देते, तो वापरा. दर तारखेला मुलाला नेण्याची गरज नाही. साक्षीच्या दिवशी तेवढे न्या, आणि त्या दिवशी त्याच्या दप्तरात एखादे आवडीचे पुस्तक व पाण्याची बाटली ठेवा, कारण वाट पाहणे खूप असते.

यजमान बोलत नाहीत, असे लिहिले आहे. माहिती त्यांनाही आहे, म्हणजे कलम 19 त्यांनाही लागू आहे. हे त्यांना एकदा शांतपणे वाचून दाखवा.

*

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या इमारतीत शेजारच्या घरातील सात वर्षांच्या मुलाला वडील पट्ट्याने मारतात, आवाज भिंतीपलीकडून येतो. कधी संध्याकाळी त्याला दाराबाहेर चपलांच्या रॅकशेजारी उभे करतात. तो तिथे तासभर बुटाची नाडी सोडत-बांधत असतो. सोसायटीचे सचिव म्हणतात, आईबाप आहेत, शिस्त लावत असतील, घरगुती मामल्यात पडू नका. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तक्रार करावी का?

उत्तर : नाडी सोडताना तुम्ही त्याला पाहिले आहे, आवाज कानांनी ऐकला आहे, यापेक्षा अधिक काय पाहायचे बाकी आहे? बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 75 नुसार, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारहाण केली किंवा त्याची हेळसांड केली आणि त्यामुळे मुलाला विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना होण्याची शक्यता असेल, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. आईबाप असणे ही या कलमातून सुटका नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाच्या हातातली छडी काढून घेतली, मग घरातला पट्टा शिस्तीत कसा बसतो हे सचिवांनी मला समजावून सांगावे.

1098 लावा, ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. 1996 मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा आता सरकारच्या महिला व बालविकास विभागामार्फत चालते, चोवीस तास आणि विनामूल्य. नाव सांगायचे नसेल तर सांगू नका. मारहाण चालू असतानाचा आवाज येत असेल तर 112, म्हणजे पोलिसांचा आपत्कालीन क्रमांक. पोलीस ठाण्यात अशा तक्रारीवर पुष्कळदा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून कागद हातात देतात आणि प्रकरण तिथेच विझते, म्हणून बाल कल्याण समितीला लेखी अर्ज जरूर करा. अत्याचार करणाऱ्या माणसाबरोबर राहणारे मूल हे कायद्यानुसार ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ आहे. समिती समाजसेवकाला घरी पाठवून सामाजिक तपासणी करवते, आईवडिलांना बोलावते, समुपदेशन सुचवते. मुलाला उचलून नेतील ही तुमची शंका पत्रात ओळींच्या मधून दिसते, पण बहुतेक वेळा पहिले पाऊल ते नसते.

एक गोष्ट मात्र करू नका. रागाच्या भरात त्यांची बेल वाजवून जाब विचारू नका. मी पाहिले आहे की त्यानंतर मार थांबत नाही, तो आतल्या खोलीत जातो आणि मुलाच्या दाराबाहेर उभे राहण्याच्या तासभराच्या मोकळिकीवरही गदा येते.

*

प्रश्न : नेरुळमधील आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एका अत्याचारित मुलीचा फोटो, शाळेचे नाव आणि ‘न्याय मिळेपर्यंत पुढे पाठवा’ असा संदेश फिरत आहे. जनजागृती म्हणून तो पाठवण्यात गैर काय?

उत्तर : सगळेच गैर आहे. पॉक्सोचे कलम 23 मुलाचे नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, इतकेच काय, ज्यावरून ओळख पटेल असा शेजारपाजारचा उल्लेखही उघड करण्यास मनाई करते. शिक्षा सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत. बाल न्याय अधिनियमाचे कलम 74 वेगळे. संदेशाबरोबर अत्याचाराचे चित्रणही असेल, तर ते मोबाइलमध्ये ठेवणेसुद्धा अंगाशी येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2024 च्या निकालानंतर कोणी नाकारू नये. गटचालकांना संदेश काढायला सांगा, पोलिसांना कळवा, आणि ती मुलगी उद्या याच सेक्टरमधून शाळेच्या बसला उभी राहणार आहे, हे गटावर लिहा.

*

प्रश्न : मी खारघरला मुलाकडे राहते. मे महिन्याच्या सुट्टीत साताऱ्याकडील गावी नातीवर शेजारच्या मुलाने हात टाकला. ती दहा वर्षांची आहे. इथल्या पोलिसांना हे सांगता येईल, की गावीच जावे लागेल?

उत्तर : आजी, गावी जायची गरज नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या संहितेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, हद्द कोणतीही असो, गुन्हा नोंदवून घेण्याची तरतूद आहे. याला शून्य क्रमांकाची एफआयआर म्हणतात. खारघरचे पोलीस नोंद करून कागदपत्रे साताऱ्याकडे पाठवतील. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असे म्हणणाऱ्या अंमलदाराला संहितेचे कलम 173 लिहिलेला कागद दाखवा. तरीही नकार मिळाला, तर तक्रार टपालाने उपायुक्तांकडे पाठवा आणि पोच जपून ठेवा.

नवी मुंबईत एक गोंधळ कायम होतो, तो येथेच सांगते. खारघर, कामोठे, पनवेल हा भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात असला, तरी जिल्हा रायगड आहे. म्हणून नातीच्या आधारासाठी अर्ज करायचा तो रायगडच्या बाल कल्याण समितीकडे. ऐरोली ते बेलापूर पट्ट्यातल्या लोकांनी ठाण्याच्या समितीकडे. चुकीच्या समितीकडे गेलात तरी ती तुम्हाला हाकलून देऊ शकत नाही, पण दोन दिवस वाया जातात. खटला साताऱ्याला चालला, तरी साक्ष व्हिडिओद्वारे घ्यावी असा अर्ज करता येतो. शेजारचा मुलगा स्वतः अठराखालचा असेल, तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल. तेही तक्रार न करण्याचे कारण नव्हे.

*

प्रश्न : मी आता नोकरी करते. सहावीत असताना, 2014 मध्ये, ठाण्यात ज्या सरांकडे शिकवणीला जात होते त्यांनी माझ्यावर अनेकदा अत्याचार केला. घरी कधीच सांगितले नाही. आता काही करता येते का? पुरावा काहीच नाही. ते सर अजूनही शिकवणी घेतात.

उत्तर : करता येते. पॉक्सो 14 नोव्हेंबर 2012 पासून अमलात आहे आणि अपराधाच्या वेळी तुम्ही बालक होतात, हे पुरेसे आहे. आज तुमचे वय किती आहे याने फरक पडत नाही. तीन वर्षांहून अधिक शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना तक्रारीची मुदत नसते, आणि तुम्ही लिहिलेला प्रकार त्यांतच मोडतो. शिक्षा मात्र त्या वेळच्या कायद्याप्रमाणे होईल. 2019 मध्ये वाढवलेली शिक्षा मागे जाऊन लागत नाही.

खटला सोपा असेल असे मी म्हणणार नाही. ‘इतकी वर्षे गप्प का होतात?’ हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल आणि त्याचे खरे उत्तर, जसे पत्रात लिहिले आहे तसेच, द्यायचे आहे. पुरावा नाही असे म्हणता, पण त्या वर्षी शिकवणी अचानक सोडल्याची आठवण आईला असेल, शुल्काची पावती असेल, एखाद्या मैत्रिणीला तेव्हा सांगितलेले अर्धे वाक्य असेल. ते गोळा करणे पोलिसांचे काम आहे, तुम्ही फक्त आठवेल ते लिहून ठेवा, क्रम लागला नाही तरी चालेल.

तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिल्यासारखे दिसते. ते सर अजूनही शिकवणी घेतात. म्हणजे संध्याकाळी सहाच्या तुकडीत आजही सहावीची मुले बसत असतील, आणि कलम 19 मधील ‘अपराध घडण्याची धास्ती’ हे शब्द तुमच्या आजच्या माहितीलाही लागू पडतात. पोलिसांकडे तुमचा भूतकाळ सांगण्याची तयारी व्हायला वेळ लागणार असेल, तर लागू द्या. त्या तुकडीबद्दल मात्र 1098 वर या आठवड्यातच कळवा. विधी सेवा प्राधिकरणात जाताना सोबत कोणी नसेल, तर संपादकांमार्फत निरोप पाठवा. मी येईन.